काटाघरातले इवाई

जिनिंगमध्ये नोकरी करणाऱ्या माणसाला दोन गोष्टी चिकटतात. एक रुई आणि दुसरे किस्से. रुई घरी आल्यावर झटकता येते. किस्से मात्र जात नाहीत. कुणी पाहुणा आला, चहा ठेवला, की ते आपोआप बाहेर यायला लागतात. माझ्या नवऱ्याचे तर सगळे ऐकून झालेत. मी नुसतं "आमच्या काटाघरात ना..." म्हटलं की तो चप्पल शोधायला लागतो! म्हणून आज तुम्हाला धरलंय.

मी हिंगणघाटला एका जिनिंग फॅक्टरीत काटाघरात बसते. कापसाची गाडी वजनकाट्यावर चढते, मी कॉम्प्युटरवर वजन घेते, चिठ्ठी देते, गाडी आत. नोकरी बारा महिन्यांची, पण खरं काम दिवाळी ते होळी. एकदा सीझन संपला की माणसं थोडी आणि वेळ फार. आणि रिकाम्या वेळात शहाणी माणसंही काय काय करतात ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

काटाघरात माझ्या उजव्या हाताला ढगेकाकांचं टेबल. ते ग्रेडर. मूठभर कापूस घ्यायचा, दोन्ही हातांच्या बोटांत धरून ओढायचा, आणि धागा किती लांब, माल ओला की कोरडा ते सांगायचं. डाव्या हाताला मेश्रामभाऊंचं हत्यारांचं कपाट आणि खुर्ची. ते फोरमन. रुई आणि सरकी वेगळी करणारे रेचे त्यांच्या ताब्यात.

सहा वर्षांपूर्वी एक गाडी आली. ढगेकाका म्हणाले, "कोरडा हाय, घ्या." मेश्रामभाऊ म्हणाले, "ओला हाय, रेच्याले गुंडाळन." गाडी घेतली, कापूस आत गेला आणि रेचा बसला. दोन दिवस फॅक्टरी बंद! शेठजींसमोर एक म्हणाला माल ओला होता, दुसरा म्हणाला यंत्र जुनं होतं. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. शिवीगाळ नाही, कुरबुर नाही. फक्त एकमेकांशी बोलायचं नाही. जे काय बोलायचं ते माझ्यामार्फत.

"कल्पना, त्याले सांगजो, पंखा कमी कर."

"आयकलं म्या. त्याले सांगजो, मले गरमी होऊन राह्यली."

दोघांच्या मधे अंतर सहा फूट, आणि त्यात मी! एकदा दाढ काढायची म्हणून मी दोन दिवस रजा घेतली. परत आले तर पंखा तसाच फुल्लवर, आणि माझ्या टेबलावर अकरा चिठ्ठ्या. सहा उजवीकडच्या, पाच डावीकडच्या. सगळ्यांची सुरुवात एकच, 'कल्पना, त्याले सांगजो.'

*

काटाघरात माशांची टाकी कशी आली? इन्व्हर्टरमुळे! सगळ्या फॅक्टरीची लाइट गेली तरी काट्याची जात नाही, आणि टाकीतला हवेचा पंप चोवीस तास चालू लागतो. म्हणून ढगेकाकांनी घरची चार फुटी टाकी इथे आणून ठेवली. तिच्यात मासा एकच. ग्रीन टेरर जातीचा. नागपूरच्या दुकानदारानं विकतानाच बजावलं होतं, "काका, याले एकट्यालेच ठेवजो, हा दुसऱ्याले जगू देत नाई."

वीतभर लांब, अंगावर हिरवी-निळी चमक, शेपटीला केशरी काठ आणि कपाळावर हे एवढं टेंगूळ. ते टेंगूळ आणि पोट पाहून काकांनी त्याचं नाव ठेवलं, शेठजी.

एकदा काका लग्नाला सिंदी रेल्वे या गावी गेले होते आणि इथे शेठजींची तब्येत बिघडली. मी काकांना फोन लावला. "काका, शेठजीचं पोट लय फुगलं. एकाच जागी बसून राह्यतात, हालत नाई. काल भलतंच खाल्लं वाटते. हाव... हाव... दोन दिवस उपाशी ठेवते. मंग उकडलेले वाटाणे देते, साफ होऊन जाईन."

फोन ठेवला आणि मागे वळले. दारात आमचे खरे शेठजी उभे! हातात अर्धा खाल्लेला समोसा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग समोशाकडे पाहिलं, तो हळूच खिडकीत ठेवला आणि निघून गेले.

पुढच्या आठवड्यापासून शेठजी आले की आधी फॅक्टरीच्या आवाराला पाच चकरा मारतात, मगच ऑफिसात बसतात. का, ते कुणालाच कळलं नाही. मी तर तोंड मुळीच उघडलं नाही!

*

मेश्रामभाऊंच्या घरीही याच जातीची मासोळी होती. मादी. नाव चांदणी. दिसायला नाजूक, अंगावर निळे ठिपके, आणि वागायला? एका महिन्यात टाकीतले बाकीचे सगळे मासे संपवले. वहिनी म्हणाल्या, "ही राहीन नाई तं मी राहीन."

एप्रिलमध्ये एका सकाळी भाऊ झाकणाची बादली घेऊन काटाघरात आले. "कल्पना, त्याले विचारजो, टाकीत जागा हाय काय."

काकांनी मान लांब करून बादलीत पाहिलं. "मादी हाय काय, विचारजो."

"डोये नाई काय त्याले? चाळीस वर्षं ग्रेडर हाय म्हने!"

"सांगजो, कापसात नर-मादी नसते!"

आता खरं सांगते. ढगेकाकांचा येणारा सीझन शेवटचा होता. दोन्ही मुलं हैदराबादला, काकू जाऊन चार वर्षं झाली. काका मला एकदा म्हणाले होते, "रिटायर झाल्यावर घरी मी अन् टीव्ही. या शेठजीचं लगन झालं असतं, पिल्लं झाली असती, तं दहा-वीस घरी नेली असती वो. तेवढीच हालचाल." आणि मला मनातून वाटायचं, हे दोघं सहा वर्षं न बोलता बसले ते बसले, पण असेच न बोलता एकमेकांना सोडून जाणार? मला फार वाईट वाटायचं त्याचं.

म्हणून चांदणी टाकीत सोडली तेव्हा मी मुद्दाम टाळी वाजवली. "चला! आता तुम्ही दोघं इवाई झाले!"

आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. मला वाटलं, हसतील. दोघंही एकाच वेळी, एकाच आवाजात म्हणाले, "कल्पना, त्याले सांगजो, मी कोणाचा इवाई-बिवाई नाई!"

*

लग्न लागलं, पण संसार कुठला! पहिल्या दहा मिनिटांत शेठजींनी चांदणीला टाकीभर पळवली. शेपटीचा तुकडाच काढला. ती कोपऱ्यात हीटरच्या मागे उभी राहिली, मला ते बघवेना. मेश्रामभाऊंचा चेहरा तर विचारू नका.

"त्याले सांगजो, माह्या पोरीले हे असं वागवाचं असन तं मी घेऊन चाललो तिले."

"नेऊ दे म्हना. पण मातीचं गाडगं आमचं हाय, ते राहू देजो."

गाडगं म्हणजे आत लपायला ठेवलेलं. शेवटी मी मधे पडले. मोबाइलवर व्हिडिओ पाहिला होता, त्यात मधे जाळी लावतात. नर इकडे, मादी तिकडे, आधी नुसती नजरानजर. मेश्रामभाऊंनी दुपारपर्यंत जाळी बनवली. फोरमनचं काम ते! चारी बाजू चपखल. आणि खालच्या कोपऱ्यात एक खिडकी, बरोब्बर चांदणीच्या मापाची. ती जाऊ शकेल, शेठजी अडकतील. "माहेरची खिडकी," भाऊ म्हणाले.

आठ दिवसांनी काकांची तक्रार आली. "कल्पना, त्याले सांगजो, त्याची पोरगी खिडकीतून येते, माह्या पोराले चावते अन् माहेरी पळून जाते!"

भाऊंनी पाना पुसता पुसता फक्त एवढंच म्हटलं, "सांगजो, आमच्याकडं पोरी अशाच राह्यतात."

*

काका मोठे हौशी. एकदा टाकीत अंड्यांसाठी ठेवलेली फरशी सरळ करायला हात आत घातला आणि चांदणीनं बोट धरलं. उजव्या हाताचा अंगठा! ज्या अंगठ्यानं सबंध तालुक्याचा कापूस ओढून पाहिला, तो अंगठा! पट्टी बांधून काका खुर्चीत बसले, डोळ्यांत पाणी.

मी म्हटलं, "भाऊ, काकांले लागलं हो. काहीतरी बोला."

भाऊंनी बराच विचार केला. "त्याले सांगजो," ते म्हणाले, "सुनेले हात लावाचा नाई."

*

मे महिना. बाहेर शेहेचाळीस डिग्री, टाकीवर ओलं बारदान. मी वाचलं होतं की हे मासे नदीला पावसाचं नवं पाणी आलं की अंडी घालतात. मी आपलं सहज बोलून गेले. दुसऱ्या दिवशी मेश्रामभाऊ शेतातली ठिबकची जुनी नळी घेऊन हजर! टाकीवर आडवी बांधली, बारीक भोकं पाडली, पाणी सोडलं. टपटप, टपटप. हिंगणघाटात त्या दिवशी फक्त आमच्या टाकीत पाऊस पडत होता. शेठजी आणि चांदणी दोघंही वर तोंड करून बघत राहिले.

आणि नळ चालू ठेवून आम्ही सगळे जेवायला गेलो.

परत आलो तर टाकी भरून वाहतेय, काटाघरात घोटाभर पाणी, आणि ढगेकाकांच्या टेबलाखालची कापसाच्या नमुन्यांची पिशवी पाण्यात. मेश्रामभाऊंनी पिशवी उचलली. पाणी गळतंय. त्यांनी ती काकांच्या समोर टेबलावर ठेवली, हळूच, अदबीनं.

"कल्पना, त्याले विचारजो. हा तरी ओला हाय का नाई?"

काकांनी पिशवीतून मूठभर कापूस काढला. पाणी कोपरापर्यंत ओघळलं. त्यांनी तो पट्टीवाल्या अंगठ्यानं ओढून पाहिला, उजेडात धरला, नाकाशी नेला.

"सांगजो," काका म्हणाले, "कोरडा हाय."

*

जुलैत नवे मॅनेजर आले. नागपूरचे, कडक इस्त्रीचे, शिस्तीचे. पहिल्याच दिवशी काटाघरात शिरले आणि म्हणाले, "हे ऑफिस आहे की मासळीबाजार? काटापूजनाच्या आत ही टाकी इथून हलली पाहिजे."

काटापूजन म्हणजे सीझनचा मुहूर्त. काट्याला हळद-कुंकू, नारळ, आणि कापसाची पहिली गाडी आणणाऱ्या शेतकऱ्याला शेला-टोपी. म्हणजे दिवाळीच्या सुमाराला. हातात तीन महिने. टाकी हलवली की पाणी बदलतं, जागा बदलते, जमत आलेली जोडी तुटते. ढगेकाकांचं तोंड एवढंसं झालं.

जाळी तेव्हा आम्ही काढून पाहिली होती आणि शेठजी-चांदणी तोंडाला तोंड लावून भांडत होते. साहेब काय आहे बघायला काचेजवळ वाकले. चष्मा, मोठ्या मिशा, लाल टाय. आणि काय सांगू! भांडण जागच्या जागी थांबलं. दोघं एकमेकांच्या शेजारी उभे राहिले, कल्ले फुगवले आणि धाडकन काचेवर, साहेबांच्या नाकावर! साहेब दोन पावलं मागे. ते गेल्यावरही दोघं बराच वेळ जोडीनं फिरत होते. शेठजी चांदणीला अंग घासत होते!

व्हिडिओतला माणूस हेच सांगत होता. जोडी जमत नसली की दोघांना मिळून एक दुश्मन द्या.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी कुणालाच काही सांगजो म्हणावं लागलं नाही.

मग आमचं सुरू झालं. "साहेब, जरा सही." "साहेब, चहा इथंच घ्या ना." "साहेब, तुम्ही आल्याशिवाय काटाघर सुनं वाटते." टाकीसमोर खास त्यांची खुर्ची टाकली. भाऊंनी तिच्या पायांना स्वतः नवं रबर लावलं. साहेब रोज अर्धा तास बसायचे, पाठीमागे दोघं मासे काचेवर धडका मारायचे. साहेब आधी गोंधळले, मग खुलले. एकदा बायकोशी फोनवर बोलताना मी ऐकलं, "अगं, इथली माणसं फार प्रेमळ आहेत. आधीच्या ठिकाणी मला कुणी पाणी विचारत नव्हतं."

त्या दिवसापासून मी त्यांच्या चहात खरंच आलं घालायला लागले. पण टाकीचा विषय निघाला की साहेब पुन्हा साहेब. "तुमचं प्रेम ठीक आहे, पण टाकी पूजनाच्या आत हलली पाहिजे!"

*

चांदणीनं फरशी साफ करायला सुरुवात केली. अंडी घालायच्या आधी मासे जागा चाटूनपुसून घेतात. आम्ही तिघं खूश! आणि नेमके साहेब नागपूरला घरच्या कामाला दहा दिवसांच्या रजेवर गेले.

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी पुन्हा मारामारी. चांदणी पुन्हा हीटरच्या मागे. काका दिवसभर टाकीसमोर बसून राहिले, डबा उघडला नाही. पूजन आठवड्यावर आलं होतं.

भाऊ अचानक म्हणाले, "कल्पना, त्याले सांगजो, साहेब नसले तं नसले. फोटो तं असन ना?"

पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनाचा ग्रुप फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता. त्यातून साहेबांचा चेहरा कापला आणि झेरॉक्सच्या दुकानात गेले. म्हटलं, मोठा करा, कलर, अन् लॅमिनेशन करून द्या, पाण्यानं खराब नाई झाला पायजे.

दुकानदारानं फोटोकडे पाहिलं. आवाज खाली आणला. "गेले काय वो साहेब?"

मी घाईत होते. म्हटलं, "हाव, परवाच गेले. नागपूरले."

त्यानं हात जोडले आणि म्हणाला, "चंदनाचा हार टाकून देऊ काय खाली?"

*

फोटो टाकीच्या मागच्या काचेला बाहेरून लावला, तोंड आत. दोघं त्यावर असे तुटून पडले की काय विचारता! धडका मारायच्या, मग जोडीनं काच चाटायची, पुन्हा धडक. फरशी विसरले. गाडगं विसरले. चार दिवस नुसतं साहेबांचं तोंड धूत होते.

पाचव्या दिवशी सकाळी मी कुलूप उघडलं. टाकीजवळ गेले. साहेबांच्या कपाळावर, काचेवर आतल्या बाजूनं, अंडी! शेकड्यानं! लग्नात अक्षता चिकटतात तशी दोन भुवयांच्या मधून पार टकलापर्यंत. चांदणी पंख हलवून त्यांना वारा घालत होती आणि शेठजी समोर पहारा देत होते.

मी ओरडले. दोघं धावत आले. काकांनी टाकीला हात जोडले. भाऊंनी टोपी काढली. दोघांच्याही डोळ्यांत पाणी, आणि दोघंही माझ्याकडेच बघतायत! मला हसावं की रडावं कळेना.

काका म्हणाले, "कल्पना, त्याले सांगजो... आता फोटो काढता येत नाई. काढला तं हे भेतील, अंडी खाऊन टाकतील."

"आयकलं म्या," भाऊ म्हणाले. "पर त्याले सांगजो, परवा पूजन हाय. साहेब येऊन राह्यले. शेठजी बी."

*

पूजनाच्या सकाळी टाकीवर चादर टाकायचं ठरलं होतं. पण सकाळीच अंडी फुटली! साहेबांच्या मिशांत केसाएवढी पिल्लं वळवळायला लागली, आणि ती बघण्यात आम्ही तिघं असे रमलो की चादर हातातच राहिली आणि दारात शेठजी आणि मॅनेजर साहेब उभे.

साहेब हळूहळू पुढे आले. पाण्यातून स्वतःकडे बघत राहिले.

"माझा फोटो?"

मी म्हटलं, "साहेब, तुम्ही नव्हते तं करमत नव्हतं." कुणाला, ते मी सांगितलं नाही.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "टाकी इथेच राहील," ते म्हणाले. मग चष्मा पुन्हा चढवून, "आणि फोटोसुद्धा."

आता खरे शेठजी रुसले. "अरे भाई, मॅनेजर का फोटू लगाया, और मेरा?"

"तुमचं तं नावच देलं ना शेठजी!" काका आणि भाऊ एकदमच बोलले, आणि बोलल्यावर दोघंही दचकले.

"किसको?"

भाऊंनी टाकीतल्या टेंगळ्या नराकडे बोट केलं. शेठजींनी त्याचं पोट पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. कुठलं तरी जुनं गणित त्यांच्या डोक्यात सुटत होतं.

"मतलब वो वाटाणे... इसके लिए थे?" ते म्हणाले. "तो मैं दो साल से चक्कर किसलिए मार रहा हूँ?"

*

मग पूजन झालं. नारळ फुटला, काट्याला हळद-कुंकू लागलं. पहिली गाडी वायगावकडची, एक म्हातारे शेतकरी आणि त्यांची सून घेऊन आले होते. त्यांना शेला-टोपी दिली. सगळे टाळ्या वाजवत होते. मी कॉम्प्युटरवर बसले, खिडकी उघडी, समोर गाडी.

ढगेकाका गाडीजवळ गेले. त्यांच्या शेवटच्या सीझनची पहिली मूठ. दरवर्षी ते मूठ भरतात, ओढतात आणि मला ओरडून सांगतात. या वेळी त्यांनी मूठ भरली, ओढली आणि गप्प उभे राहिले. मी वाट बघतेय. शेठजी वाट बघतायत.

काका वळले आणि चालत मेश्रामभाऊंच्या समोर जाऊन थांबले. मूठ पुढे केली.

"पाह्य बरं," काका म्हणाले.

भाऊंनी तो कापूस घेतला. दाबला. ओढला.

"कोरडा हाय," भाऊ म्हणाले. कुणाकडे न बघता.

"हाव, हा कोरडा हाय," काका म्हणाले. मग बोटांना चिकटलेली रुई झटकली. "तवाची गाडी ओली होती, मेश्राम."

भाऊ तो कापूस मुठीत धरून उभे राहिले. काकांकडे पाहिलं, चांगलं निरखून पाहिलं. मग मान खिडकीकडे वळवली आणि मला हाक मारली.

"कल्पना," ते म्हणाले, "इवाईले सांगजो, मले तवाच मालूम होतं."